मायचं गाणं, लेकाचा तबला

मागच्या खेपेला आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो, त्याआधी गटाच्या अंतर्गत कर्जावर. आज पैशाचा विषय नाही. आज गाण्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही जॅझ नावाच्या गाण्याबद्दल. नाव ऐकूनच काही जणींनी रेडिओ बंद करायला हात पुढं केला असेल. पण जरा थांबा. या जॅझवाल्यांच्या एका मेळ्यात आपल्या बेळगावात जन्मलेली एक बाई गायला होती. तिला गाणं मिळालं तिच्या आईच्या घरात, आणि तो मेळा जमवला होता तिच्या लेकानं. त्या मेळ्यातल्या प्रत्येकाचं गाणं-वाजवणं कुठून आलं हे आम्ही बघायला बसलो, आणि जे हाती लागलं ते नांदेड-लातूरच्या आपल्या बायांपर्यंत पोचवावंसं वाटलं.

आधी जॅझ म्हणजे काय ते. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स नावाचं बंदराचं शहर आहे. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या काळ्या माणसांच्या पुढच्या पिढ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं हे संगीत घडवलं. त्यात काय काय मिसळलं? कापसाच्या शेतात राबताना एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची, ती गाणी. चर्चमधली भजनं. आणि लष्करी थाटाचे पितळी वाद्यांचे बँड, जे मिरवणुकीत वाजायचे तसे मयतीतही वाजायचे. ज्या बायांनी दिवसभर कापूस वेचलाय त्यांना यातलं पहिलं काही निराळं समजावून सांगायला नको. पाठ मोडलेली असते, तोंड मात्र मोकळं असतं.

जॅझची खूण अशी, की चाल ठरलेली असते. ती एकदा सगळ्यांनी मिळून वाजवली की मग प्रत्येक जण आपली पाळी आली म्हणजे त्याच तालात, त्याच चौकटीत, आपल्या मनाचं वाजवतो. ते कुठं लिहून ठेवलेलं नसतं. एकाची पाळी चालू असताना बाकीचे त्याला धरून राहतात, पडू देत नाहीत. लोहा तालुक्यातल्या एका गटात आम्ही हे सांगत होतो, तर एक आजी म्हणाल्या, "म्हंजी जात्यावर बसल्यासारखंच की. चाल एकच, ओवी जिची तिची." जॅझवरची पुस्तकं याच गोष्टीला दहा-दहा पानं घेतात.

आणि तुम्ही जॅझ ऐकलेलंच नाही असंही नाही. 'अलबेला' हा १९५१चा सिनेमा आणि 'आशा' या १९५७च्या सिनेमातलं ते ईना मीना डीका आठवा. संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यांच्याकडं गोव्याचे जॅझ वाजवणारे लोक कामाला असायचे, त्यात चिक चॉकलेट या टोपणनावाचे ट्रम्पेटवाले फार गाजले. गोव्यात पोर्तुगीजांच्या राज्यात चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तिथं पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईला आली. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचं आणि रात्री मोठ्या हॉटेलात जॅझ वाजवायचं, असं त्यांचं पोट चालायचं. या बँडमध्ये वाद्य धरून बसलेले बहुतेक पुरुष. बाई असलीच तर पुढं उभी राहून गाणारी. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडंही बँडवाल्यांत दुसरं काही नाही.

आता आपल्या मेळ्याकडं येऊ. १९८८ साली जर्मनीतल्या एका कंपनीनं 'उस्फ्रेट' नावाची रेकॉर्ड काढली. ती त्रिलोक गुर्टू यांची. जन्म मुंबईत, १९५१चा. तबल्याचा हात आणि विलायती ड्रम असं दोन्ही एकत्र वाजवणारे. त्यांच्या स्वतःच्या नावावर निघालेली ही पहिली रेकॉर्ड. तिच्यावर सात जण आहेत: स्वतः त्रिलोक, अमेरिकेचे दोघं, एक तमिळ व्हायोलिनवाले, एक फ्रेंच पियानोवाले, एक स्वीडनचे बास गिटारवाले. आणि सातव्या त्यांच्या आई, शोभा गुर्टू.

शोभा गुर्टू हे नाव आपल्यातल्या वयस्क बायांनी आकाशवाणीवर ऐकलेलं असेल. 'मैं तुलसी तेरे आंगन की' या १९७८च्या सिनेमात त्यांची ठुमरी आहे. २००० साली ए. आर. रहमान यांनी 'जन गण मन' वेगवेगळ्या गायकांकडून म्हणवून घेतलं, टीव्हीवर ते पुष्कळ दाखवायचे, त्यातही शोभाताई आहेत. पण त्यांची गोष्ट सुरू होते त्यांच्या आईपासून.

आईचं नाव मेनकाबाई शिरोडकर. मेनकाबाई नाचणाऱ्या आणि गाणाऱ्या होत्या, तोच त्यांचा पेशा होता. गाणं त्या शिकल्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांकडं. हे तेच खाँसाहेब ज्यांना शाहू महाराजांनी कोल्हापूरला ठेवून घेतलं, आणि ज्यांच्याकडं केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर शिकल्या. मैफलीत नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाईकडं त्या काळातला समाज कोणत्या नजरेनं बघायचा हे आपल्याला सांगायला नको. माळेगावच्या यात्रेत लावणी बघायला गर्दी करणारा माणूस घरी जाऊन त्याच बाईबद्दल काय बोलतो ते आपण ऐकतोच. गाणं पाहिजे, गाणारी नको. पण घराण्याची एवढी अवघड विद्या अशाच बायांनी जपली, आणि लेकींच्या हाती दिली. मोगूबाईंनी किशोरीताई आमोणकरांना दिली, मेनकाबाईंनी शोभाताईंना.

शोभाताईंचा जन्म बेळगावचा, १९२५चा. माहेरचं नाव भानुमती. पहिलं शिक्षण आईकडं. मग कोल्हापूरला अल्लादियाखाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जीखाँसाहेब यांच्याकडं रीतसर तालीम झाली. लग्न विश्वनाथ गुर्टू यांच्याशी झालं. सासरे नारायणनाथ गुर्टू बेळगावच्या पोलीस खात्यात वरच्या हुद्द्यावर होते, आणि स्वतः सतार वाजवायचे. लग्नानंतर किती जणींचं गाणं माहेरच्या उंबऱ्यातच राहतं, त्या हिशोबानं शोभाताईंचं नशीब चांगलं म्हणायचं. गाणं सासरीही आलं.

यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. पुढं मुंबईत उस्ताद घम्मनखाँ त्यांच्या घरी राहायला आले. कशासाठी? मेनकाबाईंना ठुमरी-दादरा शिकवण्यासाठी. म्हणजे मुलगी मोठी झाली, गायला लागली, तरी आईचं शिकणं चालूच होतं. आणि आईसाठी आलेल्या गुरूकडून मुलीनंही ठुमरी उचलली. आज लोक शोभाताईंना ठुमरीची राणी म्हणतात, ती ठुमरी घरात आली ती आईच्या शिकवणीच्या निमित्तानं. आमच्या गटांत चाळिशीची बाई सही शिकायला बसली की म्हणते, आता काय करायचं शिकून, लेकरं शिकतील. लेकरं बघत असतात, ते मात्र तिच्या ध्यानात येत नाही.

ठुमरीबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. ठुमरीत शब्द थोडेच असतात. पण एकच ओळ घेऊन गाणारी ती पाच-सात तऱ्हांनी म्हणते. एकदा रुसून, एकदा विनवून, एकदा टोमणा मारून, एकदा नुसती हरल्यासारखी. शब्द जागचे हलत नाहीत, अर्थ फिरत राहतो. याला बोल बनाव म्हणतात. घरधनी रात्री उशिरा आले आणि आपण म्हणालो, "आलात का?" तर ते दोन शब्द किती तऱ्हांनी म्हणता येतात ते प्रत्येकीला माहीत आहे. शोभाताईंवर बेगम अख्तर आणि बडे गुलामअली खाँ या दोघांच्या गाण्याचा मोठा ठसा होता, आणि ही दोघंही शब्दाला असं खेळवण्यात अव्वल. ख्याल गाणारे काही जण ठुमरीला हलकं समजतात. कागदोपत्रीही तिला उपशास्त्रीय म्हणतात, म्हणजे शास्त्रीयच्या एक पायरी खाली. आम्हाला हे पटत नाही. सहा शब्दांत अर्धा तास माणसाला बसवून ठेवायचं, यात हलकं काय आहे?

आता जॅझची खूण परत आठवा. ठरलेली चाल, आणि पाळी आली की आपल्या मनाचं. म्हणजे शोभाताई जे जन्मभर गळ्यानं करत होत्या तेच जॅझवाले ट्रम्पेटवर आणि गिटारवर करत होते. त्रिलोक गुर्टू या दोघांच्या मधोमध वाढले. घरात आईचा रियाज, साथीला येणारे तबलजी, सारंगिये, आजीचं गाणं. तबला ते शाह अब्दुल करीम यांच्याकडं शिकले. तबल्याचे बोल आधी तोंडानं म्हणायचे आणि मग हातानं काढायचे, ही आपली पद्धत. ती त्यांनी ड्रमवर नेली. आणि बाहेरून मुंबईत परदेशी रेकॉर्डी येत होत्या, जिमी हेंड्रिक्सच्या वगैरे, त्यावरून ते विलायती वाजवणं शिकले. याचा एक किस्सा त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे. स्टुडिओत एक वाजवणं भरून झालं की त्यावर दुसरं चढवता येतं, हे त्यांना तेव्हा माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं, जे ऐकू येतंय ते सगळं एकाच वेळी वाजतंय. मग तेही सगळं एकदम वाजवायची खटपट करत राहिले, आणि जे करायला दुसरा कुणी धजला नसता ते त्यांच्या हातात बसलं.

त्यांची वाजवायला बसण्याची तऱ्हाही वेगळी. ड्रमवाले स्टुलावर बसतात. हे खाली, जमिनीलगत, तबला हाताशी घेऊन. बाजूला पाण्यानं भरलेली बादली असते. साधी बादली. वाजत्या थाळीसारखी, घंटेसारखी वाद्यं ते तिच्यात बुडवतात आणि बाहेर काढतात. पाण्यात जाता जाता सूर खाली वाकतो. आम्ही फोनवर हे दाखवलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, "आपली घागर विहिरीत बुडताना असाच आवाज करती." बरोबर आहे. तो आवाज आपण रोज ऐकला, पण त्याला वाद्य म्हणायचं आपल्याला कधी सुचलं नाही.

बाकीचे कसे जमले ते पाहा. अमेरिकेत ऑरेगॉन नावाचा एक जॅझवाल्यांचा मेळा होता. त्यात तबला, सतार आणि तालवाद्यं वाजवणारे कॉलिन वॉलकॉट १९८४ साली जर्मनीत बसच्या अपघातात गेले. हे वॉलकॉट अमेरिकेचे, पण सतार पंडित रविशंकरांकडं आणि तबला उस्ताद अल्लारखाँकडं शिकलेले. त्यांची जागा पुढं त्रिलोक गुर्टूंकडं आली. मेलेल्या माणसाच्या जागेवर बसणं सोपं नसतं. त्या मेळ्यातले गिटारवाले राल्फ टाउनर मग 'उस्फ्रेट'मध्ये आले. ट्रम्पेटवाले डॉन चेरी आले, त्यांच्याबरोबर त्रिलोक सत्तरच्या दशकापासूनच वाजवत होते. व्हायोलिनला एल. शंकर आले. झाकीर हुसेन आणि जॉन मॅकलॉफ्लिन यांच्याबरोबर 'शक्ती' या मेळ्यात वाजवणारे ते हेच. पियानोला फ्रान्सचे डॅनियल गोयोन आणि बासला स्वीडनचे योनास हेलबोर्ग. हेलबोर्गही त्याआधी मॅकलॉफ्लिन यांच्या बँडमध्ये होते. म्हणजे सगळे एकमेकांच्या ओळखीपाळखीतले, जसं आपल्या भजनी मंडळात एकीची जाऊ, दुसरीची मावसबहीण.

या लोकांच्या घरी डोकावलं की एक गोष्ट सारखी समोर येते.

डॉन चेरी यांचा जन्म ओक्लाहोमाचा, १९३६चा. वडील काळे, आईच्या घराण्यात चोक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचं रक्त. वडील ट्रम्पेट वाजवायचे, त्यांचा एक क्लबही होता, तिथं मोठे मोठे जॅझवाले यायचे. आणि आई पियानो वाजवायची. आजीही वाजवायची. चेरी पुढं ऑर्नेट कोलमन यांच्याबरोबर वाजवून जगभर गाजले. छोटासा, पिशवीत मावेल असा ट्रम्पेट घेऊन देशोदेशी फिरले आणि जाईल तिथं काहीतरी शिकले. पश्चिम आफ्रिकेचं एक तंतुवाद्यही ते वाजवत. नव्या माणसाच्या दारात शिष्य म्हणून उभं राहायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.

राल्फ टाउनर यांचे वडीलही ट्रम्पेटवाले, आणि आई पियानोची शिकवणी घेणारी. पोरगं तीन वर्षांचं असल्यापासून घरच्या पियानोवर आपल्या मनाचं वाजवत बसायचं. गिटार त्यांनी खूप उशिरा, तरुणपणी हातात घेतली आणि व्हिएन्नाला जाऊन रीतसर शिकली.

एल. शंकर यांचं बालपण श्रीलंकेत जाफन्याला गेलं. वडील लक्ष्मीनारायण तिथं संगीत शिकवायचे, व्हायोलिनमध्ये त्यांचं मोठं नाव. आई सीतालक्ष्मी गायच्या आणि वीणा वाजवायच्या. भाऊही सगळे व्हायोलिनवाले. जाफन्यातल्या दंगलींनंतर कुटुंब मद्रासला आलं. सामान सोडून यावं लागलं तरी गाणं बरोबर आलं.

आता मोजा. सात जणांपैकी पाच जणांच्या घरात आई गाणारी किंवा वाजवणारी. चेरी यांची आई, टाउनर यांची आई, शंकर यांची आई, शोभाताईंच्या मेनकाबाई, आणि त्रिलोक यांच्या शोभाताई. वडीलही होते, त्यांचं काही काढून घ्यायचं नाही. पण वडिलांचं वाजवणं क्लबात, शाळेत, चार लोकांत. त्याला नाव होतं. आईचं वाजवणं स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत. तिच्या विद्यार्थ्यांत पहिलं स्वतःचं पोर, आणि त्याची फी नाही. गुरू कोण, असं विचारलं की पोरं उस्तादाचं नाव घेतात, ते घ्यायलाच पाहिजे. पण उस्तादाकडं जायच्या आधी कान कुणी तयार केला?

त्रिलोक गुर्टूंनी काय केलं ते म्हणून महत्त्वाचं. आपल्या पहिल्याच रेकॉर्डवर, परदेशी नावाजलेल्या वादकांच्या बरोबरीनं त्यांनी आईला गायला बसवलं. नुसता आशीर्वादाचा एक श्लोक म्हणून घेतला नाही. आईचा आवाज त्यांच्या ड्रमच्या बरोबरीनं पुढं आहे. त्यातल्या एका वाजवण्याचं नावच आहे 'शोभारॉक'. शोभाताई तेव्हा साठी ओलांडलेल्या. आदल्याच वर्षी, १९८७ला, त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेला. त्या लेकाच्या कौतुकापायी आलेली म्हातारी आई नव्हत्या, त्या मेळ्यातल्या मोठ्या कलावंतांपैकी एक होत्या. कुणी त्यांना नुसतं 'त्रिलोकची आई' म्हणून पुढं गेलं तर आम्हाला राग येतो. आणि त्यांच्या बाजूनंही बघा. एवढ्या वयात, एवढं नाव झाल्यावर, सारंगी-तबल्याची साथ सोडून विजेच्या गिटारीत आपली ठुमरी घेऊन शिरायचं म्हणजे छाती पाहिजे. लोक नावं ठेवणार, घराण्याचं काय म्हणतील, हे सगळं आलंच. त्यांनी गायकी बदलली नाही. आपल्या पद्धतीनंच गायल्या, आणि बाकीच्यांना त्यांच्याभोवती वाजवावं लागलं.

हे सगळं आम्ही एका मासिक बैठकीत सांगितलं. त्या गटात एक आराधीण बाई आहेत, वय साठीच्या पुढं. नवरात्रात त्यांचा मेळा गावोगाव फिरतो, तुळजापूरला पायी जातो. देवीची किती गाणी त्यांना येतात ते त्यांनाच ठाऊक नाही. त्यांची नात नववीत आहे, ढोलकी इतकी सुरेख वाजवते की शाळेच्या स्नेहसंमेलनात सरांनी तिला पुढं बसवलं. पाहुण्यांनी विचारलं, कुणाकडं शिकलीस? पोरगी म्हणाली, यूट्यूबवर बघून. आजी तिथंच मंडपात बसलेल्या. आम्ही नंतर त्यांना म्हणालो, आजी, तुमचं नाव घेतलं नाही की हो तिनं. तर त्या म्हणाल्या, "म्या कुठं शिकवलं बाई. ती माझ्या मांडीवर झोपायची, म्या गायची, एवढंच."

एवढंच! मेनकाबाईंच्या घरातही सुरुवात याहून निराळी झाली नसणार.

त्या पोरीच्या ढोलकीचं पुढं काय होईल ते सांगता येत नाही. गावातल्या बेंजोवाल्या पोरांनी तिला जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायला बोलावलं, तर चुलत्यानं नको म्हणून सांगितलं. वाजवणारी पोरगी कोण करून घेईल, असं त्याचं म्हणणं. आई मधल्या मध्ये अडकली आहे. आराधीण आजीनं मात्र त्या दिवशी शोभाताईंचं ऐकून एक प्रश्न विचारला, "त्या बाईला पैसे किती भेटले आसतील?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न खरा आहे. लग्नात बँडवाल्यांची सुपारी आधी ठरते, बयाणा घेतल्याशिवाय ते येत नाहीत. हळदीला रात्रभर गाणाऱ्या बाईला खण-नारळ. आराधिणीला जोगवा. बाईच्या गाण्याला पुण्य म्हणायचं आणि पुरुषाच्या वाजवण्याला धंदा, ही वाटणी कुणी केली? मेनकाबाईंनी गाण्यावर पोट भरलं म्हणून त्यांच्याकडं तिरकं बघितलं, आणि जी फुकट गाते तिला गाणारीण म्हणून कुणी ओळखत नाही. दोन्हीकडून बाईच सापडते.

नावाचंही तसंच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या मराठवाड्यातल्या, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्या ओव्याही त्यात आहेत. त्या कामातली आम्हाला सगळ्यात पटलेली गोष्ट ही, की ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलेलं आहे. त्या बैठकीनंतर आमच्या तीन गटांनी हजेरीच्या वहीच्या मागच्या पानांवर एक यादी धरली. गाणं कोणतं, कोण म्हणतं, आणि तिला ते कुणाकडून आलं. आई, आजी, आत्या, सासू, शेजारीण, जे असेल ते. आतापर्यंतच्या यादीत तिसऱ्या रकान्यात पुरुषाचं नाव दोनच ठिकाणी आलंय, दोन्ही कीर्तनकार. एका सुनेनं तर सासूचं नाव लिहिलं आणि म्हणाली, एवढ्या एका गोष्टीत तिचं माझं जमतं.

ती नववीतली पोरगी यादी लिहायला मदत करते, तिचं अक्षर चांगलं आहे. स्वतःच्या नावापुढच्या तिसऱ्या रकान्यात तिनं आधी काहीच लिहिलं नव्हतं. मागच्या महिन्यात बघितलं तर तिथं आजीचं नाव होतं. आम्ही तिला काही बोललो नाही.

शोभाताईंना २००२ साली पद्मभूषण मिळालं. २००४च्या सप्टेंबरात त्या गेल्या. लेकाचं वाजवणं त्यानंतरही जगभर चालूच राहिलं, बादलीसकट.

कुणाला ऐकायचं असेल तर फोनवर आधी शोभा गुर्टू यांची कोणतीही एक ठुमरी लावा आणि शेवटपर्यंत ऐका, मधे सोडू नका. मग 'शोभारॉक' लावा. उलट क्रमानं ऐकलं तर पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटेल, आमच्या बायांना वाटला होता. आधी ठुमरी कानात बसलेली असली की त्या सगळ्या ड्रम-गिटारीच्या आत तो आवाज कुठं उभा आहे ते बरोबर सापडतं. आणि गटाच्या बैठकीत लावणार असाल तर हप्ते गोळा झाल्यावर लावा. आमच्याकडं आधी लावलं, तर त्या दिवशी वसुली रात्री आठला संपली.

पुढच्या वेळी सोयाबीनच्या बियाण्याच्या उगवण चाचणीबद्दल बोलू. घरी गोणपाट आणि शंभर दाणे तयार ठेवा.